खळीचे माप : पाजणीपासून रुळापर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय निवडणे हे वक्त्याचे पहिले कर्तव्य होय. बुऱ्हाणपूरविषयी बोलायचे म्हटले की विषयांना तोटा नाही. इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी सुलतानाने वसविलेले हे नगर. बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताच्या नावावरून त्याचे नाव पडले. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि दक्षिणेचे द्वार मोगलांच्या हाती आले. १६३१ साली मुमताज महल येथेच मृत्यू पावली. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर हे शहर निजामाकडून मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि १८६० साली इंग्रजांच्या ताब्यात गेले. या प्रत्येक घटनेवर एकेक व्याख्यान होऊ शकेल, आणि झालीही आहेत.

आज मी मात्र एका चिकट आणि काहीशा उपेक्षित पदार्थाविषयी बोलणार आहे. तो पदार्थ म्हणजे खळ. सुताला, कागदाला किंवा लाकडाच्या पातळ पत्र्याला किती खळ लावावी, ती सर्वत्र सारखी कशी लागावी आणि ती सारखी लागली हे ओळखावे कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे. पारिभाषिक मराठीत यासाठी ‘अंशशोधन’ असा भारदस्त शब्द आहे. कारागीर त्यालाच ‘माप बसवणे’ म्हणतो. मी कारागिराचा शब्द पत्करतो. मराठीच्या प्राध्यापकाने यंत्राच्या मापाविषयी का बोलावे, असे आपल्याला वाटेल. माझे उत्तर असे की, ज्या गोष्टीवर आपल्या शहरातील हजारो घरांची चूल पेटते, तिच्याविषयी आपल्या भाषेत काही लिहिलेले नसणे, ही भाषेच्या शिक्षकाचीच उणीव मानली पाहिजे.

(१)

प्रथम हाताच्या मागाकडे वळू. कापडात उभे धागे असतात त्यांना ताणा म्हणतात, आडव्या धाग्यांना बाणा. बाण्याचा धागा धोट्यातून एकदा गेला की त्याचे काम संपले. ताण्याची गोष्ट निराळी आहे. कापड होईपर्यंत ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या दातांमधून शेकडो वेळा घासला जातो, वर उचलला जातो, खाली ओढला जातो. कच्चे सूत हा ताण सोसत नाही. त्याचे तंतू पिंजारतात, शेजारच्या धाग्यात गुंततात आणि धागा तुटतो. म्हणून विणण्यापूर्वी ताण्याला खळ द्यावी लागते. हीच पाजणी. सुताला खळ नुसती लावायची नसते, ती पाजायची असते, हे या शब्दातच सांगितले आहे. तहानलेल्याला पाणी जितके हवे तितकेच पाजावे, सुताचेही तसेच.

पूर्वी विणकरांच्या वस्तीत ही पाजणी उघड्यावर, गल्लीत होत असे. बांबूच्या घोड्यांवर ताणा लांबवर पसरायचा. तांदूळ, ज्वारी किंवा गव्हाच्या पिठाची खळ शिजवून, तीत थोडे तेल घालून ती सुतावर शिंपडायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे घेऊन एकाच दिशेने, एकाच वेगाने चालत जायचे. काम पहाटे करायचे. कारण ऊन चढले आणि वारा सुटला की खळ धाग्यावर बसण्याआधीच वाळते. तेल कशासाठी? नुसत्या खळीने धागा कडक होतो, पण मोडतो. तेलाने तो लवचीक राहतो. कुंचा कशासाठी? खळ पसरावी, जास्तीची निघून जावी आणि चिकटलेले धागे सुटे व्हावेत म्हणून. पुढे यंत्रात रूळ, वाफ आणि सळया जे काम करू लागल्या, ते सर्व काम या गल्लीत हात, हवा आणि कुंचा करीत होते.

या कामातले माप कोठे होते? ते दोन बोटांत होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धागा धरून सरकवला की जाणता कारागीर खळ कमी की जास्त हे सांगत असे. १६४१ साली आणि त्यानंतरही बुऱ्हाणपुरातून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येथील तलम, आरपार दिसणाऱ्या कापडाची नोंद करतो आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान व कैरोपर्यंत जात असल्याचे सांगतो. त्या तलम कापडाचे कौतुक करताना आपण कातणाऱ्याची आणि विणणाऱ्याची आठवण काढतो. पण इतके बारीक सूत मागावर टिकले, ते पाजणी करणाऱ्याच्या बोटांमुळे टिकले, हे विसरतो.

या व्यवस्थेचा एक विशेष येथे नमूद केला पाहिजे. पाजणी करणारे आणि विणणारे बहुधा एकाच घरातले असत. पहाटे खळ कमी पडली तर दुपारी त्याच घरातला माग अडत असे. चूक ज्याची, नुकसानही त्याचेच. त्यामुळे माप लिहून ठेवण्याची गरज पडली नाही. ते घरात राहिले आणि बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे गेले. पुढे जे घडले ते या एका गोष्टीच्या संदर्भात पाहावे, अशी माझी विनंती आहे.

(२)

यंत्रमागाचा शोध कार्टराइटने १७८५ साली लावला, हे शालेय पुस्तकात असते. पण तो माग आरंभी किफायतशीर ठरला नाही, आणि त्याचे एक मोठे कारण खळ हेच होते. ताण्याला खळ लावण्यासाठी माग पुन्हापुन्हा थांबवावा लागे, आणि त्या वेळात यंत्राचा सारा वेग वाया जाई. १८०३-०४ च्या सुमारास स्टॉकपोर्टच्या विल्यम रॅडक्लिफने थॉमस जॉन्सन या आपल्या कारागिराच्या साहाय्याने असे यंत्र सिद्ध केले की ताणा मागावर चढण्यापूर्वीच त्याला खळ लागून तो वाळून तयार व्हावा. त्यानंतर यंत्रमागाने खरा वेग घेतला. १८५३ साली लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथे ‘स्लॅशर’ नावाचे यंत्र आले. आजच्या सायझिंग यंत्राचा तो पूर्वज.

त्याची रचना समजावयास सोपी आहे. मागे अनेक बिमांवरून हजारो धागे एकत्र येतात. ते गरम खळीच्या हौदात एका रुळाखाली बुडतात. बाहेर पडताना ते दोन जड रुळांच्या मधून जातात. हे रूळ जास्तीची खळ पिळून काढतात. पुढे वाफेने तापलेल्या सिलिंडरांवर धागे वाळतात, सळयांमधून जाताना सुटे होतात आणि मागाच्या बिमावर गुंडाळले जातात. गल्लीतल्या कुंच्याची जागा पिळणाऱ्या रुळांनी घेतली, पहाटेच्या हवेची जागा वाफेने.

१८७० साली मुंबई ते कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. बुऱ्हाणपूरचे स्टेशन शहराबाहेर लालबागेकडे आले आणि त्याच परिसरात १९०६ साली ताप्ती मिल उभी राहिली. मिलमध्ये सायझिंग खाते वेगळे, सांचे खाते वेगळे. जे काम एका घराच्या ओसरीवर होत असे, ते आता दोन खात्यांत, दोन मुकादमांच्या हाताखाली, एकमेकांची नावेही माहीत नसलेल्या माणसांकडून होऊ लागले. चूक एका खात्यात होऊ लागली आणि तिचा दंड दुसऱ्या खात्यात भरला जाऊ लागला. माप लिहून ठेवण्याची गरज येथे निर्माण झाली.

(३)

यंत्राचे माप कसे बसते, हे थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी गणित मनात करावे.

समजा, कोरडे सूत १०० किलो आहे. हौदातील खळीत दर १०० किलोमागे १० किलो घन पदार्थ आहे, बाकी पाणी. रुळांमधून पिळून बाहेर पडताना सुताने स्वतःच्या वजनाइतकीच ओली खळ उचलली, म्हणजे १०० किलो. वाळल्यावर पाणी उडून जाईल आणि सुतावर १० किलो खळ राहील. म्हणजे प्रमाण झाले शेकडा १०. साध्या सुती ताण्याला शेकडा ८ ते १५ च्या दरम्यान खळ लागते. सूत जितके बारीक आणि ताणा जितका दाट, तितकी गरज वाढते.

हे प्रमाण पाच-सहा गोष्टींवर अवलंबून असते : खळीत घन पदार्थ किती, ती किती घट्ट आहे, तिचे तापमान किती, रुळांचा दाब किती, रुळावरचे रबर किती कठीण किंवा झिजलेले आणि यंत्राचा वेग किती. खळ थंड झाली तर ती घट्ट होते आणि धाग्याच्या आत न शिरता वरच बसते; मागावर ती पापुद्र्यासारखी झडते. वेग एकदम कमी केला तर रुळांना पिळायला वेळ अधिक मिळतो आणि प्रमाण उतरते. म्हणून माप एकदा बसवून भागत नाही. खळीचा घट्टपणा पाहण्यासाठी तळाला भोक असलेला एक पेला असतो. तो भरून रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. घन पदार्थाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने दिसते. ही साधने महाग नाहीत. महाग असते ती दर तासाला ती वापरण्याची शिस्त.

आता या विषयाचा गाभा. वर आलेले शेकडा १० हे प्रमाण संपूर्ण ताण्याचे आहे. पण समजा, रूळ एका टोकाला झिजला आहे. उजव्या बाजूला शेकडा १२ खळ लागली, डाव्या बाजूला शेकडा ८. दोहोंची सरासरी शेकडा १० येते. वहीत आकडा अचूक लिहिला जाईल, तपासनीस खूण करील, आणि तरीही डाव्या बाजूचे धागे मागावर तटातट तुटतील, उजव्या बाजूचे कडक होऊन मोडतील. सरासरी बरोबर, ताणा चुकीचा. म्हणून जाणता मिस्त्री एकूण वजनावर थांबत नाही. तो यंत्र बंद असताना रुळांच्या मध्ये कार्बन कागद आणि पांढरा कागद घालून दाब देतो आणि ठसा पाहतो. ठसा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीचा उमटला तर रूळ ठीक. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर दाब फिरवून घ्यावा लागतो, किंवा रूळ घासून नीट करावा लागतो.

हाच नियम प्लायवुडच्या कारखान्यात अक्षरशः लागू पडतो. आसामातील चहाच्या पेट्यांच्या निमित्ताने आपल्या देशात प्लायवुडचा धंदा वाढला. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या दांडेलीच्या जंगलातही त्याचा कारखाना निघाला. तेथे लाकडाचा पातळ पत्रा खाचा असलेल्या दोन रबरी रुळांमधून जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना सरस लागतो. शेजारचे दोन रूळ किती सरस पुढे जाऊ द्यायचा हे ठरवतात, आणि त्यांच्यातील फट पातळ पोलादी पट्ट्यांनी मोजून बसवतात. माप पाहण्याची रीत अगदी साधी आहे. ३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद असा तुकडा तोलायचा, यंत्रातून काढायचा आणि ताबडतोब पुन्हा तोलायचा. वजन २७ ग्रॅम वाढले तर दर चौरस मीटरला दोन्ही अंगांचा मिळून सरस ३०० ग्रॅम लागला. पण असा एकच तुकडा पुरत नाही. एक डावीकडून, एक मधून, एक उजवीकडून असे तीन तुकडे काढावे लागतात. तिन्ही सारखे आले तर यंत्र जुळले. सरस कमी पडला तर थर उकलतात. जास्त झाला तर त्यातले पाणी दाबयंत्रात वाफ होऊन फोड आणते, आणि सरस पृष्ठभागावर डागांच्या रूपाने बाहेर येतो. सूत असो की लाकूड, कमी खळ धरत नाही आणि जास्त खळही धरत नाही.

(४)

मात्र मापाचे ज्ञान हाती आले म्हणजे ते सचोटीनेच वापरले जाईल असे नाही. खळीच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या देशाशी निगडित आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना. पश्चिम हिंदुस्थानातला आखूड धाग्याचा कापूस, ज्याला तेथे सरसकट ‘सुरती’ म्हणत, तो वापरावा लागला. आखूड धाग्याला खळ अधिक लागते, इथवर ठीक होते. पण पिठाच्या खळीत चिनी माती मिसळली की कापड जड आणि भरदार भासते, हे गिरणीवाल्यांच्या ध्यानात येऊन चुकले होते. कापसाची टंचाई संपली तरी मातीची सवय गेली नाही. सुताच्या वजनाइतकी, कधी त्याहूनही अधिक खळ-माती कापडावर चढवली जाऊ लागली आणि ते कापड हिंदुस्थान व चीनच्या बाजारात आले. पहिल्या धुण्यात माती वाहून जाई आणि हाती विरळ फडके उरे. समुद्रप्रवासात अशा कापडाला बुरशी लागे, म्हणून खळीत जस्ताचा क्षार घालू लागले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही माती गिरणीतल्या विणकराच्या छातीत जात होती. १८७२ साली टॉडमॉर्डन येथील विणकरांच्या तक्रारींवरून डॉ. जॉर्ज बुकॅनन यांनी या खळीच्या प्रकारांची आणि आरोग्यावरील त्यांच्या परिणामाची चौकशी करून अहवाल दिला. जड खळीचा धागा दमट हवेतच टिकतो, म्हणून सांचेखात्यात वाफ सोडत. तिच्यावर निर्बंध घालणारा कायदा तेथे १८८९ साली झाला. म्हणजे एकाच जास्तीच्या खळीने इकडे आपला गिऱ्हाईक नागवला जात होता आणि तिकडे त्यांचा मजूर खोकत होता. यंत्र मात्र अगदी अचूक होते. त्याला जे माप दिले, तेच ते हजारो वार कापडावर इमानाने लावीत होते. माप बसवणारा कोणाचे हित पाहतो, हे यंत्राच्या रचनेत कोठेही नसते.

(५)

आता आपल्या शहराकडे परत येऊ. १९७४ च्या कायद्याने ताप्ती मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिचे चाक थांबले. पण त्याच्या पुष्कळ आधीपासून बुऱ्हाणपूरचे कापड मुख्यतः यंत्रमागांवर निघू लागले होते. इतवारा, बुधवारा, शनवारा ही वारांची नावे मिरवणारे आपले मोहल्ले ओलांडून विणकरांच्या वस्त्यांकडे गेले की मागांचा खडखडाट आजही ऐकू येतो. येथे ताण्याला खळ देण्याचे काम स्वतंत्र सायझिंग कारखान्यांत होते. तयार बीम यंत्रमागावर येते. विणकराला मजुरी मिळते ती दर मीटरमागे.

या रचनेत खळीच्या चुकीची किंमत कोण भरतो ते पाहा. सायझिंगच्या कारखान्यात सूत तोलून बिल होते. मागाच्या मालकाला तयार बीम मिळते. धागा तुटू लागतो तो रात्रपाळीच्या विणकरासमोर. तो माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो, पुन्हा माग सुरू करतो. तेवढ्या वेळेत जे कापड निघाले असते ते निघाले नाही, आणि न निघालेल्या कापडाची मजुरी कोणी देत नाही. साध्या मागावर धागा तुटल्यावर माग आपोआप थांबण्याची सोय बहुधा नसते. त्याच्या नजरेतून सुटले तर कापडात खोट राहते. ज्याने हौद पाहिला नाही, रूळ पाहिला नाही, त्याच्या पदरात दुसऱ्याच्या मापाची चूक पडते. गल्लीतल्या पाजणीत हे होत नव्हते, कारण तेथे चूक आणि तिचे फळ एकाच छपराखाली होते. त्या काळी परतावे असे मी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही, कारण त्या गल्लीत बायकापोरांचे कष्ट अपार होते. पण जेथे चूक करणारा आणि ती भोगणारा वेगळे झाले, तेथे दोघांना दिसेल असे लिहिलेले माप हवे. बिमासोबत एक चिठ्ठी यावी : सूत कोणते, खळ शेकडा किती, डाव्या-उजव्या टोकाचा तपास झाला की नाही, तारीख, वेळ. एवढ्या चार ओळींनी विणकराला तक्रारीचा आधार मिळतो, आणि चांगल्या मिस्त्रीलाही त्याच्या कामाचे श्रेय मिळते.

निवृत्तीनंतर मी अशा एका कारखान्यात काही सकाळी वही घेऊन बसलो. तेथील वृद्ध मिस्त्री, ज्यांना सारे चाचा म्हणत, वाळून येणाऱ्या ताण्यावरून हात फिरवीत आणि वाफेचा नळ किंचित बंद करीत. मी विचारले, “चाचा, हे आपल्याला कसे कळले?” ते म्हणाले, “धागा बोटाला थंड लागला तर आत ओल आहे. हाताला टोचला तर जास्त वाळला.” पुढे त्यांच्या परवानगीने ओलावा मोजण्याचे यंत्र लावून पाहिले. त्यांनी जेथे हात थांबवला होता, तेथे काटा शेकडा ७ ते ८ च्या मधे होता, आणि सुती ताण्याला ओलावा तेवढाच ठेवावा असे पुस्तकही सांगते. त्या सकाळी मला बोट आणि काटा यांच्यातले भांडण खोटे वाटू लागले. काटा नव्या मुलाला शिकवतो. बोट काटा बिघडल्याचे ओळखते. दोन्ही एकाच कामाला लागतात, आणि यांपैकी एक आपल्यासमोर नाहीसे होत आहे.

खळही बदलली आहे. पिठाच्या जोडीला सुधारित स्टार्च, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि ॲक्रिलिक आले आहेत. कापड रंगवण्यापूर्वी ही खळ धुऊन काढावी लागते, आणि धुण्याचे ते पाणी नदीतला प्राणवायू खाणाऱ्या सांडपाण्याचा मोठा भाग असते. गरजेपेक्षा शेकडा २ खळ जास्त चढली, तर ती शेकडा २ खळ कोठेतरी पाण्यात उतरणारच. जिने या शहराला पाणी दिले त्या तापीचा या मापाशी असा संबंध आहे.

(६)

श्रोतेहो, समारोप करताना शाळेपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. ताणा, बाणा, फणी, धोटा, कुंचा, पाजणी हे शब्द आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आजी-आजोबांना ठाऊक आहेत. कोणी ते मराठीत सांगेल, कोणी निमाडीत, कोणी उर्दूत. साळी, कोष्टी आणि मोमिन घरांतले उच्चार निराळे असतील. आठवी-नववीच्या मुलामुलींनी एक वही करावी. तीत शब्द लिहावा, तो कोणत्या घरात कसा उच्चारतात ते लिहावे आणि त्या शब्दामागचे माप लिहावे : खळीला पीठ किती, पाणी किती, तेल किती, कोणत्या ऋतूत किती. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या धंद्यात आहेत त्यांनी एक साधा तराजू, एक पेला आणि एक तापमापक शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यावर एक तास घ्यावा आणि भाषेच्या शिक्षकांनी ती वही तपासावी.

वही जुनी होईल तेव्हा तिच्यातली काही मापे कालबाह्य झालेली असतील. झाली तर होवोत. तरीही कोणते माप कोणी, कशासाठी बसवले होते, हे तीत राहील. रात्रपाळीला तुटलेल्या धाग्याला गाठ मारणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्या भाषेत, लेखी, त्याला मिळाले पाहिजे. ज्या गुरुवर्यांनी या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना लिहायला शिकवले, त्यांच्या स्मृतीस याहून उचित असे दुसरे काम मला दिसत नाही.